मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले?

माझा भाचा नेमबाजी शिकू लागून जेमतेम आठ महिने झाले आहेत. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला त्याने मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘मामा, हे करून घेऊ का?’ संदेशाचे शीर्षक होते, ‘सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातल्या पाच निरुपयोगी गोष्टी, ज्या जाणकार आधी काढून टाकतात.’ तो माझ्या भाच्यापर्यंत येण्याआधी बऱ्याच हातांतून फिरला होता, हे त्यावरच्या खुणेवरूनच दिसत होते. रेंजवरच्या सुरक्षेची जबाबदारी मी बरीच वर्षे सांभाळली असल्यामुळे असे उंटावरचे शहाणे मला नवे नाहीत. पण मुलाने ‘हे खरे आहे का’ असे न विचारता थेट ‘करून घेऊ का’ असे विचारले, तेव्हा चार ओळींत वासलात लावण्याऐवजी नीट उत्तर लिहिणे भाग पडले.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. पिस्तूल खोलताना आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग, मागे अडकवायला लावणारे किंवा एका वेळी दोन कळा दाबायला लावणारे अडथळे काढून टाकावेत, कारण ‘मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामेच असते’, हा पहिला दावा. मॅगझिन नसताना ट्रिगर निकामी करणारा भाग कंपन्या केवळ कायद्याच्या धाकाने बसवतात, तेव्हा तोही काढावा, हा दुसरा. फायरिंग पिनला, म्हणजे गोळीच्या बुडावर आघात करून ती उडवणाऱ्या पिनेला, अडवणारा ब्लॉक ट्रिगर खरखरीत करतो आणि जुन्या नामांकित पिस्तुलांत तो नव्हताच, हा तिसरा. हाताने लावायची सेफ्टी नवशिक्यांसाठी असते, खरी सेफ्टी म्हणजे आपले बोट, हा चौथा. सगळ्या स्प्रिंगा हलक्या करून घ्याव्यात, हा पाचवा. शेवटी सही ठोकावी तसे एक वाक्य आहे: ‘हे सगळे मी स्वतः केले आहे, आजवर काहीही झालेले नाही.’

आधी शब्दांचा एक घोळ दूर करतो. आपल्याकडे ‘घोडा’ हा शब्द काही जण मागून आपटणाऱ्या हॅमरसाठी वापरतात, तर काही जण बोटाने ओढायच्या ट्रिगरसाठी. संदेशलेखकाने तो एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांनी वापरला आहे. सुट्या भागांविषयी सल्ला देणाऱ्याने निदान कोणत्या भागाविषयी आपण बोलत आहोत एवढे तरी ठरवायला हवे होते. मी पुढे हॅमर आणि ट्रिगर हेच शब्द वापरतो.

पाचही दाव्यांत सर्वांत घातक वाक्य पहिल्या दाव्याच्या पोटात दडलेले आहे आणि ते कारण म्हणून इतक्या सहज लिहिले आहे की वाचणारा त्यावर थांबतही नाही. मॅगझिन ही गोळ्या पुरवणारी पेटी आहे. स्लाइड पुढे जाते तेव्हा ती मॅगझिनमधली सर्वांत वरची गोळी ढकलून नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये बसवते, आणि त्या क्षणापासून त्या गोळीचा मॅगझिनशी काहीही संबंध उरत नाही. मॅगझिन बाहेर काढले की उरलेल्या गोळ्या बाहेर येतात. चेंबरमधली गोळी जिथे होती तिथेच राहते, आणि बार उडायला ती एकच पुरते.

याहून फसवी चूक क्रमाची असते आणि ती मी अनुभवी माणसांच्या हातूनही होताना पाहिली आहे. माणूस आधी स्लाइड ओढतो, चेंबरमधली गोळी बाहेर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, समाधानाने स्लाइड सोडतो आणि मग मॅगझिन काढतो. स्लाइड सोडताना मॅगझिन आत असल्यामुळे दुसरी गोळी निमूटपणे चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. एक गोळी टेबलावर पडलेली, मॅगझिन हातात आणि पिस्तूल रिकामे असल्याची शंभर टक्के खात्री! पूर्वी मी कोणाला असे करताना पाहिले की ओरडत असे. आता ओरडत नाही, कारण ओरडल्यावर माणूस दचकतो आणि दचकलेल्या माणसाचे बोट कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला रेंजवर बोलावले. नारिंगी प्लास्टिकच्या दोन सरावाच्या गोळ्या, म्हणजे दारू नसलेल्या डमी, मॅगझिनमध्ये भरल्या, त्यातली एक स्लाइड ओढून चेंबरमध्ये चढवली आणि पिस्तूल निशाण्याच्या दिशेला धरून वर सांगितलेला क्रम त्याच्यासमोर केला. पहिली डमी टणकन उडून टेबलावरून घरंगळत गेली. मॅगझिन काढून त्याच्या हातात दिले आणि विचारले, ‘आता रिकामं आहे?’ तो म्हणाला, ‘हो.’ मी स्लाइड पुन्हा मागे ओढली. दुसरी नारिंगी डमी बाहेर पडली आणि त्याच्याच बुटाजवळ जाऊन थांबली. त्यानंतर पाच मिनिटे तो काही बोलला नाही.

हा माझा एकट्याचा अनुभव म्हणून कोणी बाजूला सारू नये, यासाठी एक जुना पण भक्कम दाखला देतो. अमेरिकी संसदेसाठी तपासणीचे काम करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने मार्च १९९१ मध्ये अपघाती गोळीबारातील मृत्यूंवर एक अहवाल दिला. शस्त्रावर केवळ दोन सोयी असत्या, तर अशा मृत्यूंपैकी सुमारे ३१ टक्के टळू शकले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. लहान मुलांना शस्त्र चालवू न देणारी आणि आपोआप लागणारी सेफ्टी ही त्यातली एक सोय, जिचा वाटा ८ टक्के होता. दुसरी म्हणजे शस्त्रात गोळी आहे की नाही हे दाखवणारी खूण, आणि तिचा वाटा २३ टक्के होता. अहवाल पिस्तुलांपुरता नाही, सर्व प्रकारच्या बंदुकांचा आहे, आणि त्यातली खूण म्हणजे खोलतानाचा अडथळा नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही तो २३ चा आकडा पुन्हा वाचावा. जवळपास प्रत्येक चौथ्या मृत्यूमागे ‘आत गोळी आहे’ एवढ्या माहितीचा अभाव होता. आणि आमचे संदेशलेखक नेमकी हीच माहिती द्यायला भाग पाडणारे भाग काढायला निघाले आहेत.

कारण खोलतानाचे ते अडथळे नेमके हेच काम करतात. सिग सावरच्या पी३२० मध्ये खोलण्याची कळ स्लाइड मागे अडकवल्याशिवाय आणि मॅगझिन काढल्याशिवाय फिरतच नाही. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत सिअर, म्हणजे ताणलेला हॅमर किंवा पिन अडकवून धरणारी खिट्टी, खाली सारणारी छोटी पट्टी मॅगझिन काढून स्लाइड उघडी अडकवल्यावरच हाताशी येते. म्हणजे पिस्तूल खोलायचे असेल तर चेंबर उघडावेच लागते, आणि चेंबर उघडले की आत काय आहे ते दिसते. हा अडथळा काढला की खोलण्याचे चार सेकंद वाचतात, पण चेंबर पाहण्याची सक्तीही संपते. बेरेटा ९२ मध्ये उजवीकडचे बटण दाबून धरून डावीकडची कळ फिरवावी लागते, ती रचनाही चुकून एका हाताच्या धक्क्याने स्लाइड सुटू नये म्हणून आहे. चित्रपटात समोरच्याच्या हातातल्या पिस्तुलाची स्लाइड अलगद काढून घेणारे नायक दिसतात, म्हणून आपलेही पिस्तूल तसेच सुटावे, ही हौस मला समजत नाही.

स्लाइड धरून ठेवणाऱ्या भागांना ‘निरुपयोगी’ म्हणणाऱ्याने याच बेरेटाचा इतिहास पाहावा. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने ते पिस्तूल एम९ या नावाने स्वीकारले. त्यानंतर काही पिस्तुलांच्या स्लाइड तडकून तुटल्या आणि मागचा तुकडा गोळी झाडणाऱ्याच्याच चेहऱ्याकडे आला. बेरेटाने हॅमरच्या पिनेचे डोके मोठे केले आणि स्लाइडमध्ये त्यासाठी खाच केली, जेणेकरून स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा तिथेच अडकावा. ९२एफएस हे नाव त्या सुधारित रूपाचे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते डोके विनाकारण जाड वाटेल. कानस घेऊन बसलेल्या माणसाला तर नक्कीच वाटेल.

आता पहिल्या दाव्यातली अर्धी गोष्ट खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. काही पिस्तुले खोलण्यासाठी ट्रिगर ओढावा लागतो, ग्लॉक हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण, आणि साफसफाई करण्यासाठी ट्रिगर ओढायला लावणारी रचना मला कधीच आवडलेली नाही. चेंबर न पाहता ट्रिगर ओढल्यामुळे अपघात झाले आहेत, आणि नंतरच्या अनेक रचनांनी तो टप्पाच टाळला, यावरून त्या तक्रारीत तथ्य होते हे दिसते. पण यावरून निघणारा निष्कर्ष असा आहे की अशा पिस्तुलात चेंबर पाहण्याची शिस्त जास्त काटेकोर हवी. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे अडकवायची, चेंबर डोळ्यांनी पाहायचे, उजेड कमी असेल तर करंगळीने चाचपायचे आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच ट्रिगर ओढायचा. ‘मॅगझिन काढले, पुरे झाले’ हा निष्कर्ष या तक्रारीतून कोणत्याही वाटेने निघत नाही.

दुसऱ्या दाव्यात तर संदेशलेखकाने स्वतःचेच पितळ उघडे पाडले आहे. मॅगझिन नसताना ट्रिगर निकामी करणारा भाग काढावा, कारण ‘मॅगझिन नसतानाही चेंबरमधली गोळी झाडता आली पाहिजे’, असे ते लिहितात. म्हणजे मॅगझिन काढल्यावर चेंबरमध्ये गोळी उरते हे त्यांना ठाऊक आहे! मग चारच ओळी आधी मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे कसे झाले होते? दोन्ही सल्ले एकत्र पाळले तर हातात येणारे पिस्तूल असे: मॅगझिन काढल्यावर मालक ज्याला रिकामे समजतो, जे चेंबर न पाहता खोलता येते आणि ज्याचा ट्रिगर मॅगझिन नसतानाही गोळी झाडतो. शत्रूच्या हातीही मी असे पिस्तूल देणार नाही, कारण तो माझ्या शेजारीच उभा असण्याची शक्यता आहे.

हा भाग कायद्याच्या धाकाने आला हेही अर्धसत्यच आहे. कॅलिफोर्नियात २००७ पासून विक्रीच्या यादीत येणाऱ्या नव्या सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी आघात होऊन उडणाऱ्या गोळ्यांच्या) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांसाठी अशी यंत्रणा आणि चेंबरमधली गोळी दाखवणारी खूण, दोन्ही बंधनकारक झाली, हे खरे. पण ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. फ्रेंच लष्कराच्या अटींमध्ये ती होती आणि त्या अटी समोर ठेवूनच अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी नव्या पिस्तुलाचे काम हाती घेतले. १९२६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे त्यांचे निधन झाल्यावर बेल्जियन रचनाकार द्यूदोने सेव्ह यांनी ते काम पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर म्हणून बाजारात आले. त्या काळी कॅलिफोर्नियाचा हा कायदा करणाऱ्यांचा जन्मही बहुधा झालेला नसेल. हाय-पॉवरमध्ये हा भाग मॅगझिनच्या पुढच्या बाजूला घासतो, त्यामुळे ट्रिगर खरखरतो आणि मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, ही तक्रार रास्त आहे. मॅगझिन बदलताना मध्येच गोळी झाडावी लागली तर काय, हा पोलिसांचा आक्षेपही विचार करण्याजोगा आहे, आणि म्हणूनच स्मिथ अँड वेसनने हा भाग असलेली आणि नसलेली अशी दोन्ही पिस्तुले विकली. ज्याला तो नको असेल त्याने तो नसलेले पिस्तूल घ्यावे. असलेले घेऊन त्यातून तो उपटणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण मग पिस्तुलाचे नाव एक सांगते आणि पिस्तूल वागते दुसऱ्याच प्रकारे.

तिसऱ्या दाव्यात जुन्या पिस्तुलांचा दाखला बरोबर आहे. १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्टमध्ये फायरिंग पिनला अडवणारा ब्लॉक नव्हता. कोल्टने तो नियमितपणे बसवायला सुरुवात केली ती १९८३ च्या सिरीज ८० पासून. पण त्या जुन्या रचनेत फायरिंग पिन तिच्या बोगद्यापेक्षा आखूड असते, एक स्प्रिंग तिला मागे ढकलून ठेवते आणि हॅमरचा घाव बसल्याशिवाय तिच्यात स्वतःचा असा जोर नसतो. स्ट्रायकरच्या, म्हणजे हॅमरऐवजी स्प्रिंगच्या जोरावर स्वतःच पुढे झेपावणाऱ्या पिनेच्या, पिस्तुलात गोष्ट उलटी असते. तिथे स्ट्रायकरच्या मागे ताणलेली स्प्रिंग आधीपासूनच तयार असते, ग्लॉकमध्ये अर्धवट आणि इतर काही पिस्तुलांत जवळजवळ पूर्ण ताणलेली, आणि सिअर निसटला तर त्या स्ट्रायकरच्या आणि गोळीच्या मध्ये फक्त तो ब्लॉक असतो. ज्या घराला मुळात दुसरा दरवाजा नव्हता त्याचा दाखला देऊन, दोन दरवाजांवर भिस्त ठेवून बांधलेल्या घराचा एक दरवाजा काढण्यासारखे हे आहे.

शिवाय ब्लॉक जागेवर असूनही काय होऊ शकते हे २०१७ मध्ये जगाने पाहिले. पी३२० ठरावीक कोनात, स्लाइडचा मागचा भाग आधी आपटेल असे पडले तर गोळी सुटू शकते, हे ऑगस्ट महिन्यात उघड झाले. त्या पिस्तुलात स्ट्रायकरचा ब्लॉक होता. पण आदळण्याच्या झटक्याने जड ट्रिगर स्वतःच्याच वजनाने मागे जात होता, आणि ट्रिगर मागे गेला की ब्लॉक बाजूला होणे हे तर ब्लॉकचे कामच आहे. कंपनीने ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, ट्रिगर, सिअर आणि स्ट्रायकर हलके केले आणि स्लाइड पूर्ण पुढे नसताना ट्रिगरचा सिअरशी संबंध तोडणारा एक यांत्रिक डिसकनेक्टर वाढवला. काही ग्रॅमचे वजन इकडेतिकडे झाल्याने एवढे घडू शकते, हे अभियंत्यांच्या फौजेला पिस्तुले बाजारात गेल्यानंतर कळले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पक्कड घेऊन बसलेल्याला ते आधीच कळेल, असे मानायला मी तयार नाही.

चौथ्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. हाताने लावायची सेफ्टी नसलेले ग्लॉक ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारले आणि ते आजही जगभर वापरात आहे, हे खरे. पण त्याच्या ट्रिगरमध्येच एक पट्टी आहे, आत फायरिंग पिनची आणि पडण्यापासून रक्षण करणारी अशा आणखी दोन सेफ्ट्या आहेत, आणि सगळी रचना त्या हिशेबाने केलेली आहे. हॅमर ताणून ठेवलेल्या आणि आखूड, हलका ट्रिगर असलेल्या पिस्तुलाची सेफ्टी काढून ‘माझे बोटच सेफ्टी’ म्हणणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे आहे. बोट ट्रिगरबाहेर ठेवायचेच असते. सेफ्टी असते ती बोटाऐवजी जाकिटाची दोरी ट्रिगरमध्ये अडकते त्या वेळेसाठी.

स्प्रिंगांचेही तसेच. घाव घालणारी स्प्रिंग हलकी केली की प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर, पुरेसा घाव बसत नाही आणि बार फुसका जातो, सिअरची हलकी केली की स्लाइडबरोबर हॅमर स्वतःच खाली येऊ शकतो किंवा एकाच ओढीत दोन बार उडू शकतात. भाच्याला स्पर्धेत उतरायचे असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम लागते आणि तपासनीस ट्रिगरला वजन टांगून ते बघतात.

राहिले ते सहीचे वाक्य, ‘आजवर काहीही झालेले नाही’. होणार कसे? हे भाग नेहमीच्या गोळीबारात काहीच काम करत नाहीत. ब्लॉक काढलेल्या पिस्तुलाने हजार गोळ्या झाडल्या तरी ब्लॉक असलेल्या पिस्तुलापेक्षा त्यात काही वेगळे दिसणार नाही, उलट ट्रिगर किंचित गुळगुळीतच लागेल. अमेरिकी शस्त्रउद्योगाच्या मानकांनुसार पिस्तूल चार फुटांवरून वेगवेगळ्या बाजूंनी आपटून पाहतात ते यासाठीच, कारण त्या भागांची परीक्षा पडण्याच्या त्या क्षणीच होते. संदेशलेखकाचे पिस्तूल अजून पडलेले नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे.

भाच्याला हे सगळे सांगून झाल्यावर त्याने स्वतःहून एक प्रश्न विचारला, जो मला आधीच सुचायला हवा होता: सरावासाठी त्याला मिळते त्या जुन्या पिस्तुलात आधीच्या कोणी असले काही केले असेल तर ते कळणार कसे? ज्या मॉडेलमध्ये मॅगझिन काढल्यावर ट्रिगर निकामी होतो, त्यातलेच ते होते. दोघांनी मिळून ते रिकामे केले, या वेळी क्रम त्याने सांगितला आणि मी पाळला. मॅगझिन टेबलावर, चेंबर दोघांनी पाहिलेले, नळी मातीच्या बांधाकडे. त्याने ट्रिगर ओढला. हॅमर खाडकन पडला.